ब्रोकोली, कोबी, मुळा आणि मोहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की दादरच्या भाजीबाजारात ब्रोकोलीचे हिरवेगार गड्डे दिसायला लागतात, आणि आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांचे प्रश्नही त्याच दिशेला वळतात. कॅन्सर, थायरॉइड, कोबीतली अळी, फ्रोझन पाकिटं, महागड्या गोळ्या असं सगळं त्यात येतं. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. तुम्ही थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर निदान ते दोन प्रश्न तरी नक्की वाचा.

ब्रोकोलीत असं वेगळं काय आहे?

क जीवनसत्त्व भरपूर आहे. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत साधारण ९० मिलिग्रॅम. फोलेट, के जीवनसत्त्व आणि तंतूही आहेत. पण नुसत्या क जीवनसत्त्वासाठी ब्रोकोली घ्यायची गरज नाही. स्टेशनबाहेर तिखटमीठ लावून मिळणाऱ्या पेरूत ते याहून जास्त असतं.

तिचं वेगळेपण आहे ग्लुकोसिनोलेट नावाच्या गंधकयुक्त संयुगांमध्ये. वनस्पतींमध्ये अशी शंभराहून जास्त संयुगं सापडली आहेत. ब्रोकोलीतल्या मुख्य संयुगाचं नाव ग्लुकोराफेनिन. त्याच्यापासून सल्फोराफेन तयार होतं, आणि गेली तीसेक वर्षं संशोधकांचं लक्ष आहे ते या सल्फोराफेनवर.

‘तयार होतं’ म्हणजे? भाजीत ते आधीपासून नसतं का?

जवळजवळ नसतंच. या पानावरची पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

अख्ख्या ब्रोकोलीत ग्लुकोराफेनिन एका जागी असतं आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागी. काडी आणि काडेपेटी शेजारी शेजारी पडून असली तरी घासल्याशिवाय जाळ होत नाही, तसंच हे. सुरी चालली, दातांनी चावलं किंवा किडीने कुरतडलं की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि सल्फोराफेन बनायला लागतं. झाडाने ही सोय स्वतःच्या बचावासाठी केलेली आहे. पान खाणाऱ्या किडीला तोंड पोळेल असं काहीतरी मिळावं, एवढाच त्याचा हेतू.

कच्च्या मुळ्याचा तिखटपणा आणि मोहरीचा झणका याच कुळातल्या पदार्थांचा. मोहरीतल्या ग्लुकोसिनोलेटला सिनिग्रिन म्हणतात. दाणा कुटून ओला केला की त्यातून जे तिखट द्रव्य सुटतं, तेच नाकात चढतं.

या कुळात आपल्या कुठल्या भाज्या येतात?

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल या तर एकाच प्रजातीच्या भाज्या आहेत. शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं निवड करत कोणाचं पान वाढवलं, कोणाचा देठ फुगवला, कोणाच्या कळ्या. मुळा, सलगम, मोहरी आणि अळीव हे त्याच कुळातले चुलत भाऊ. ओळख पटवायची असेल तर फूल बघा. चार पाकळ्या, अधिक चिन्हासारख्या. कुंडीत थोडी मोहरी टाकली तर महिना-दीड महिन्यात ही फुलं घरच्या खिडकीत दिसतात.

शेवगा या कुळातला नाही, पण लांबचा नातेवाईक आहे आणि त्याच्याकडे स्वतःचं वेगळं ग्लुकोसिनोलेट आहे. पालक, मेथी, माठ, अळू, लेट्यूस यांचा या गटाशी संबंध नाही. त्या चांगल्या भाज्या आहेत, पण त्यांचे गुण वेगळे.

प्रत्येक भाजीतलं मिश्रण मात्र निराळं. ग्लुकोराफेनिन ब्रोकोलीत सर्वांत ठळक असतं. कोबी आणि फ्लॉवरमध्ये ते कमी असतं, पण त्यांच्यात सिनिग्रिन आणि ग्लुकोब्रासिसिन असतं. ग्लुकोब्रासिसिनपासून इंडोल-३-कार्बिनॉल बनतं, ज्याचा अभ्यास स्वतंत्रपणे चालू आहे. अळिवात आणखी तिसरंच. जांभळ्या कोबीत वर अँथोसायनिनचा रंगही मिळतो. म्हणून एकाच भाजीला धरून बसण्यापेक्षा आलटून पालटून खाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

शरीरात गेल्यावर सल्फोराफेन करतं काय?

आपल्या पेशींमध्ये एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन असतं. एरवी कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि ते सतत मोडीत निघत असतं. सल्फोराफेन जाऊन कीप-१ ला चिकटतं. पकड सैल होते, एनआरएफ-२ सुटून पेशीच्या केंद्रकात पोचतं आणि संरक्षणाची कितीतरी जनुकं चालू करतं. त्यातून जी एन्झाइम्स बनतात, ती नको असलेल्या रसायनांना पाण्यात विरघळेल अशा रूपात बांधतात आणि लघवीवाटे बाहेर जायला मदत करतात.

म्हणजे सल्फोराफेन स्वतः फार काही झाडलोट करत नाही. शरीराची जी यंत्रणा आधीच आहे, तिला ते जागं करतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तालाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ब्रोकोलीतून हा पदार्थ वेगळा काढून त्याचा हा गुण दाखवला.

मुंबईच्या धुळीवर आणि धुरावर ब्रोकोली उतारा आहे का?

हा प्रश्न एका खऱ्या प्रयोगावरून आला आहे. चीनमधल्या चिदोंग भागात, जिथली हवा बरीच प्रदूषित होती, सुमारे ३०० लोकांवर १२ आठवडे एक चाचणी झाली. एका गटाला ब्रोकोलीच्या मोडांपासून बनवलेलं पेय रोज दिलं, दुसऱ्याला मोडांशिवायचं. २०१४ मध्ये निकाल आले. बेंझिन आणि अॅक्रोलिन ही प्रदूषित हवेतली विषारी रसायनं. पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझिनचं बांधलेलं रूप ६१ टक्के जास्त बाहेर पडत होतं, अॅक्रोलिनचं २३ टक्के.

निकाल उत्साह वाढवणारा आहे, यात शंका नाही. पण ते पेय मोडांचा अर्क होता, ताटातली भाजी नव्हे. आणि बेंझिन लवकर बाहेर पडलं म्हणून दमा किंवा हृदयविकार कमी झाला, असं त्यात मोजलेलं नाही. बांधकामाच्या धुळीचे बारीक कण फुप्फुसात शिरतात, त्यांना कुठलीच भाजी अडवत नाही. धुरकट दिवसांत मास्क आणि दम्याचा पंप यांची जागा ब्रोकोली घेऊ शकत नाही.

रोज खाल्ली तर कॅन्सर टळतो का?

असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर परिणाम चांगले दिसले आहेत. या भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांमध्ये काही कॅन्सर कमी आढळतात, असं काही पाहण्या सांगतात. काहींमध्ये असा फरक दिसत नाही. शिवाय भाज्या जास्त खाणारी माणसं बहुधा तंबाखू कमी खातात आणि चालतात जास्त. मग श्रेय नेमकं कशाचं, हे वेगळं काढणं कठीण होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये याच भाज्यांवर एक अख्खा ग्रंथ काढला, तोही सावध भाषेतच आहे.

घरात कोणाचे उपचार चालू असतील तर हे जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा जिथे कुठे केमोथेरपी चालू असेल, तिथल्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अर्क, पावडर किंवा गोळी सुरू करू नका. जी एन्झाइम्स नको असलेली रसायनं बाहेर काढतात, ती औषधांच्या बाबतीतही ढवळाढवळ करू शकतात. साधी शिजवलेली भाजी वेगळी गोष्ट आहे. ती जेवणातच येते.

मग शिजवायची कशी?

पाण्यात खळखळून उकळणं सर्वांत वाईट. ग्लुकोसिनोलेट पाण्यात उतरतात आणि आपण ते पाणी मोरीत ओततो. वर उष्णतेने मायरोसिनेज मरतं. प्रेशर कुकरची शिटीही या भाजीला नको.

किती फरक पडतो? एका डच अभ्यासात लोकांना एकदा कच्ची आणि एकदा शिजवलेली ब्रोकोली दिली. कच्चीतून सल्फोराफेन ३७ टक्के शरीराला मिळालं, शिजवलेलीतून ३.४ टक्के. मायरोसिनेज मेल्यावर आतड्यातले काही जिवाणू थोडंफार काम करतात, म्हणून आकडा शून्यावर येत नाही. पण ज्याच्या त्याच्या पोटातले जिवाणू वेगळे, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

याचा अर्थ कच्चीच चघळा असा नाही. वाफवा. इडलीपात्रात पाणी उकळू द्या, चाळणीत तुरे पसरा, झाकण ठेवा आणि तीन ते चार मिनिटांत बाहेर काढा. रंग झळझळीत हिरवा असायला हवा आणि देठ दाताखाली करकरायला हवा. रंग खाकी व्हायला लागला की वेळ टळली. गरम भांड्यात झाकून ठेवली तर ती आतल्या आत शिजत राहते, म्हणून लगेच ताटात पसरा.

थोड्या उष्णतेचा एक फायदाही आहे. ब्रोकोलीत आणखी एक प्रथिन असतं, जे सल्फोराफेनऐवजी एक निरुपयोगी पदार्थ बनवायला लावतं. ते ६० अंशांच्या आसपास निकामी होतं आणि मायरोसिनेज तेवढ्यात तग धरतं. हलकी वाफ म्हणूनच कामाची.

भाजी परतायची असेल तर मोठ्या आचेवर, पाण्याचा हबका न मारता, पटकन.

आधी चिरून ठेवल्याने खरंच फायदा होतो?

होतो. बारीक चिरून अर्धा-पाऊण तास ओट्यावर राहू द्या. तेवढ्यात एन्झाइम आपलं काम उरकून घेतं. सल्फोराफेन एकदा बनलं की मग शिजवताना एन्झाइम मेलं तरी फारसं बिघडत नाही. पहाटे डबा करणाऱ्यांना हे सोयीचं आहे. आधी ब्रोकोली किंवा कोबी चिरायचा, मग कणीक भिजवून पोळ्या करायच्या, शेवटी भाजी फोडणीला टाकायची. कोबीलाही हेच लागू.

मोहरीचा उपाय काय आहे?

हा आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळचा आहे.

ब्रोकोली जास्त शिजली, तिचं मायरोसिनेज मेलं, तरी ग्लुकोराफेनिनचा काही भाग शिल्लक असतोच. बाहेरून एन्झाइम आणून दिलं की काम पुढे चालू होतं. ते एन्झाइम कच्च्या मोहरीत भरपूर असतं आणि ब्रोकोलीतल्यापेक्षा उष्णतेला अधिक टिकाऊ असतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१८ मध्ये हे माणसांवर पाहिलं. २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीवर एक ग्रॅम मोहरीची पूड घातली, तर शरीराला मिळालेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा.

आपल्याकडे मोहरी फेसायची पद्धत जुनी आहे. दोन चमचे मोहरीची डाळ खलबत्त्यात घ्या, थोडं गार पाणी घाला आणि घोटत राहा. आधी पिवळट लगदा होतो. मग त्याचा रंग फिका पडतो, कडेने पांढरा फेस धरतो आणि मान खाली घातलीत तर डोळ्यांतून पाणी येतं. तो झणका म्हणजे मायरोसिनेज जिवंत असल्याची खूण. पाणी गारच हवं. उकळतं घातलंत तर एन्झाइम मरतं आणि मोहरी फेसतच नाही. लिंबू पिळायचं ते फेसून झाल्यावर.

ही मोहरी दह्यात कालवून, मीठ-साखर घालून, वाफवलेल्या ब्रोकोलीला किंवा फ्लॉवरला लावा. काकडीच्या किंवा केळ्याच्या कोशिंबिरीला लावतो तशीच. भाजी हाताला सोसेल इतकी निवू द्या, मगच मिसळा.

फोडणीतली मोहरी चालणार नाही का?

नाही. तडतडत्या तेलात एन्झाइम टिकत नाही. फोडणी चवीसाठी.

मोहरी सोसत नाही. दुसरं काही?

कच्चा मुळा. भाजीवर मूठभर कीस घाला, किंवा शेजारी मुळ्याची कोशिंबीर घ्या आणि दोन्ही एका घासात खा. मुळा किसल्यावर सुटणारं पाणी पिळून टाकू नका, ते कोशिंबिरीतच राहू द्या.

फ्रोझन ब्रोकोली घ्यावी का?

तंतू, जीवनसत्त्वं, सोय या दृष्टीने चांगली आहे. पण गोठवण्याआधी कारखान्यात ती गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात आणि त्यात मायरोसिनेज जातं. चिरून ठेवण्याचा उपाय तिथे लागू पडत नाही. वर मोहरी किंवा मुळा घातला की हिशेब जुळतो.

ब्रोकोली दर आठवड्याला परवडत नाही.

नका घेऊ. कोबीची पचडी करा. कोबी बारीक चिरा, पाऊण तास तसाच ठेवा, मग ओलं खोबरं, दाण्याचं कूट, लिंबू, मिरची. थंडीत डिंगऱ्या मिळाल्या तर सोडू नका. मुळ्याच्या त्या शेंगा कच्च्या खाल्ल्या तरी छान लागतात. नवलकोल सोलून, किसून, दह्यातली कोशिंबीर होते, आणि त्याची पानंही फेकायची नसतात. मुळ्याचा पाला डाळीत घालून शिजवा. सल्फोराफेनचं नेमकं प्रमाण ब्रोकोलीइतकं येणार नाही, पण या संयुगांचं कुटुंब मोठं आहे आणि कोबी-मुळा खाणारा माणूस त्याला पारखा राहत नाही. ‘आम्हाला ब्रोकोली परवडत नाही’ हे जेव्हा कोणी खाली मान घालून सांगतं, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. घरातली रोजची कोबीची भाजी कमी प्रतीची अजिबात नाही.

मला थायरॉइड आहे. कोबी, फ्लॉवर बंद करू का?

बहुतेकांना बंद करायची गरज नसते.

या भाज्यांतल्या काही ग्लुकोसिनोलेटपासून गॉयट्रिन आणि थायोसायनेट बनतं. ही द्रव्यं थायरॉइड ग्रंथीच्या कामात आडवी येऊ शकतात. त्रास होतो तो मुख्यतः आहारात आयोडीन कमी असताना, आणि या भाज्या प्रचंड प्रमाणात कच्च्या खाल्ल्या तर. २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एक नोंद आली होती. ८८ वर्षांच्या एका बाई कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चा बोक चॉय (कोबीच्या कुळातली चिनी पालेभाजी) खात होत्या आणि थायरॉइड इतका मंदावला की बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणावं लागलं. रोज किलोभर! आपल्या वाटीभर शिजलेल्या भाजीशी याची तुलना होत नाही.

आयोडीनयुक्त मीठ वापरा, भाजी शिजवून खा, केल-कोबीचे कच्चे रस रोज पिऊ नका. गोळी सकाळी उपाशीपोटी, ठरलेल्या वेळी घ्या. भाजी सोडण्यापेक्षा गोळी वेळेवर घेणं जास्त महत्त्वाचं आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

कुठली, हे आधी बघा. वॉरफरीन किंवा अॅसेनोकुमरॉल असेल तर ती के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि ब्रोकोली, केल, मुळ्याचा व मोहरीचा पाला यांत के भरपूर असतं. इथे ‘किती’ यापेक्षा ‘एकसारखं’ महत्त्वाचं. एक आठवडा रोज वाडगाभर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो. आहारात बदल करायचा असेल तर डॉक्टरांना सांगून, तपासणीच्या तारखा धरून करा.

कोबीतली अळी मेंदूत जाते, हे खरं का?

कोबीच्या पानांत दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची अळी. ती माणसाच्या अंगात जगत नाही. चुकून शिजून पोटात गेली तरी पचून जाते.

मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा आजार मात्र खरा आहे. तो होतो डुकरातल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि सांडपाण्यातून भाजीवर, न धुतलेल्या हातांवर, पिण्याच्या पाण्यात पोचतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. दोष कोबीचा नाही, घाण पाण्याचा आहे. कुठलीही कच्ची पालेभाजी त्याला कारण होऊ शकते.

लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेचे मुळ्याचे आणि माठाचे वाफे आपण सगळेच बघतो. जुडी हातात घेतल्यावर तिला कुठलं पाणी मिळालं, हे काही कळत नाही. म्हणून कच्च्या पचडीसाठी कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, उरलेली एकेक सुटी करा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या आणि मावा बाहेर येतात, पण कृमींची अंडी त्याने मरत नाहीत. ती मरतात शिजवल्यावर. गरोदर बायका, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना शिजवलेलीच द्या. जेवणाआधी हात धुणं हे भाजी धुण्याइतकंच महत्त्वाचं.

घरी ब्रोकोलीचे मोड आणावेत का?

तीन दिवसांच्या मोडांत ग्लुकोराफेनिन मोठ्या भाजीच्या १० ते १०० पट असू शकतं, हे १९९७ मध्ये तालाले यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. तेव्हापासून मोडांचं फॅड आलं. पण मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही लागते. जपानमधल्या साकाई शहरात १९९६ मध्ये ई. कोलायच्या साथीत हजारो शाळकरी मुलं आजारी पडली आणि संशय मुळ्याच्या कच्च्या मोडांवर गेला. मुंबईच्या दमट पावसाळ्यात तर मला हा धोका पत्करण्यासारखा वाटत नाही. थंडीत करायचेच असतील तर खाण्यासाठी विकलेलं बी घ्या. पेरणीच्या बियाण्याला बहुधा औषध लावलेलं असतं.

खाल्ल्यावर पोट फुगतं, आणि घरभर वास सुटतो.

वास जास्त शिजवल्याचा. गंधकाची संयुगं मोडून वायू सुटतात. वेळ कमी केलात की तक्रार बरीचशी मिटते. पोट फुगतं ते रॅफिनोज नावाच्या शर्करेमुळे, जी लहान आतड्यात पचत नाही. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा. फोडणीत हिंग आणि आलं घाला.

मुलं तोंडात घेतच नाहीत.

त्यांचे नखरे म्हणून सोडून देऊ नका. कडू चव ओळखणाऱ्या एका जनुकाच्या ठेवणीनुसार काहींना ही भाजी खरोखरच जास्त कडू लागते. सक्ती केली तर आयुष्यभराची अढी बसते. बारीक किसून थालीपिठात घाला, किंवा बेसन पेरून परता. दाण्याचं कूट आणि गूळ कडवटपणा झाकतात. आज नको म्हणालं तर दोन आठवड्यांनी पुन्हा वाढा.

सल्फोराफेनच्या गोळ्या?

बऱ्याच गोळ्यांत नुसतं ग्लुकोराफेनिन असतं, मायरोसिनेज नसतं. मग शरीरात किती रूपांतर होईल ते पोटातल्या जिवाणूंवर. निरोगी माणसाने त्यावर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

बाजारात ब्रोकोली निवडायची कशी?

कळ्या मिटलेल्या आणि घट्ट हव्यात. पिवळ्या ठिपक्यांनी फुलायला लागलेला गड्डा जुना. देठाचं कापलेलं टोक बघा. ते ओलसर, फिकट हिरवं हवं. सुकून भेगाळलेलं किंवा पोकळ असेल तर ठेवून द्या. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागायला हवा. थंडीतला माल चांगला, उन्हाळ्यात लवकर फुलतो. घरी आणल्यावर न धुता, सैल पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जाड देठ टाकू नका. साल काढली की आतला गर नवलकोलासारखा गोडसर लागतो, आणि तोच भाग मुलं आधी खातात.